कीटकांच्या संप्रेरक-ग्राहीचे लवचीक अंतरंग

कापसाच्या बोंडावर किंवा हरभऱ्याच्या घाट्यावर पोसणारी अळी पतंग होण्यापूर्वी अनेकदा कात टाकते. कीटकाचे बाह्यकवच हाच त्याचा सांगाडा असतो. हे कवच ठरावीक मर्यादेपलीकडे ताणले जात नाही. त्यामुळे वाढायचे तर जुने टाकून नवे धारण करावे लागते. हे काम केव्हा सुरू करायचे, केव्हा संपवायचे आणि कोणत्या खेपेस अळीपण सोडून कोशात जायचे, याचे वेळापत्रक संप्रेरके सांभाळतात. त्यांतील प्रमुख संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. कात टाकण्याच्या क्रियेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे हे नाव पडले आहे.

हे संप्रेरक पेशीत शिरल्यावर ज्या प्रथिनाशी बद्ध होते, त्याला एक्डायसोन ग्राही म्हणतात. संदेश ग्रहण करतो तो ग्राही. या प्रथिनात संप्रेरकासाठी एक पोकळी असते. कुलपात किल्ली बसावी तसा संप्रेरकाचा रेणू तेथे बसतो, ही कल्पना समजायला सोपी असल्याने दीर्घकाळ रुजून राहिली. मात्र २००३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गजवळच्या एका प्रयोगशाळेने या ग्राहीच्या दोन स्फटिकांची रचना प्रसिद्ध केली आणि ही कल्पना अपुरी ठरली. एकाच प्रथिनात दोन निरनिराळ्या रेणूंसाठी दोन निरनिराळ्या आकारांच्या पोकळ्या तयार झालेल्या आढळल्या. मधमाशीला अपाय न करता अळीचा नाश करणारे रसायन कसे संभवते आणि असे रसायन केवळ संगणकावर आखणे का कठीण आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या लवचिकतेपाशी येऊन मिळतात.

पाचशे किलो कोशांतून पंचवीस मिलिग्रॅम

कीटकांच्या वाढीवर रक्तातून वाहणाऱ्या द्रव्यांचे नियंत्रण असते, याचा पहिला भक्कम पुरावा पोलंडचे जीवशास्त्रज्ञ स्टेफान कोपेच यांनी १९१७ ते १९२२ या काळात मांडला. त्यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांच्या शरीराभोवती मध्यभागी दोरा आवळून बांधला. विशिष्ट काळापूर्वी गाठ मारली, तर पुढचा भाग कोशावस्थेत जाई आणि मागचा भाग अळीच राही. तो काळ उलटल्यावर बांधले, तर दोन्ही भाग कोशावस्थेत जात. अर्थ स्पष्ट होता. डोक्याकडच्या बाजूने काहीतरी द्रव्य मागे पोहोचते आणि ते पोहोचल्याखेरीज रूपांतर होत नाही. पुढे १९४०च्या सुमारास जपानमध्ये सोईची फुकुदा यांनी रेशीमकिड्यावर प्रयोग करून वक्षाच्या पुढील भागातील ग्रंथींचे महत्त्व दाखवून दिले.

हे द्रव्य प्रत्यक्ष हाती आले ते १९५४ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बूटेनान्ट आणि पीटर कार्लसन यांनी रेशीमकिड्याच्या ५०० किलोग्रॅम कोशितांवर प्रक्रिया केली. त्यातून शुद्ध स्फटिकरूप द्रव्य मिळाले अवघे २५ मिलिग्रॅम. बूटेनान्ट यांना लैंगिक संप्रेरकांवरील कार्यासाठी १९३९ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. असे असूनही कीटकांच्या या संप्रेरकाची रासायनिक रचना उलगडायला आणखी अकरा वर्षे लागली. इतक्या अल्प नमुन्यावर तेव्हाच्या नेहमीच्या रासायनिक कसोट्या लावणे दुरापास्त होते.

कोडे सुटले ते क्ष-किरणांच्या साहाय्याने. म्युनिचमध्ये रॉबर्ट हूबर या तरुण संशोधकाने एक्डायसोनच्या स्फटिकावरील साध्या मापनातून त्याचा रेणुभार काढला आणि ते स्टेरॉइड वर्गातील असावे, असे अनुमान केले. १९६५ मध्ये हूबर आणि वॉल्टर होप्पे यांनी संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असल्याचे निश्चित झाले. हूबर पुढे प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राकडे वळले आणि १९८८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

कीटकाच्या शरीरात एक्डायसोनला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडला जातो आणि २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन तयार होते. बहुतेक कीटकांत प्रत्यक्ष कार्य करणारे संप्रेरक हेच होय. १९६६ मध्ये कोजी नाकानिशी आणि सहकाऱ्यांना याच घराण्यातील एक रेणू चक्क एका वृक्षाच्या पानांत सापडला. पोडोकार्पस नाकाई या वृक्षातील या रेणूला पोनास्टेरॉन-ए असे नाव मिळाले. अनेक वनस्पती अशी द्रव्ये तयार करतात. पालकाच्या पानांतही २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन असते. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून बचाव करण्याचा हा वनस्पतींचा उपाय असावा, असे मानले जाते. वनस्पतींमुळे संशोधकांची मोठी सोय झाली. कोशितांच्या राशी न उपसता अभ्यासासाठी पुरेसे द्रव्य उपलब्ध होऊ लागले.

ग्राही आणि त्याचा जोडीदार

संप्रेरक पेशीत नेमके काय करते, याचा दृश्य पुरावा १९६० मध्ये मिळाला. उलरिख क्लेव्हर आणि कार्लसन यांनी कायरोनोमस या चिलटाच्या अळीला एक्डायसोन टोचले. या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे इतकी जाड असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरील पट्टे मोजता येतात. संप्रेरक दिल्यावर अल्पावधीतच त्यांतील ठरावीक पट्टे फुगले. फुगलेला पट्टा म्हणजे कामाला लागलेले जनुक. स्टेरॉइड संप्रेरके जनुकांवर कार्य करतात, ही आज पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेली गोष्ट अशा रीतीने एका चिलटाने प्रथम उघड केली.

संप्रेरक आणि जनुक यांच्यामधला दुवा असलेल्या ग्राहीचे जनुक १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड हॉग्नेस यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीतून वेगळे केले. पुढील दोन वर्षांत आणखी एक बाब स्पष्ट झाली. हा ग्राही एकट्याने काम करू शकत नाही. त्याला अल्ट्रास्पायरॅकल नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची जोड लागते. ज्या फळमाशांत या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, त्यांच्या अळ्यांत श्वासरंध्रांची जादा जोडी दिसते. त्यावरून हे नाव आले. ही जोडी जुळली तरच संप्रेरक घट्ट बद्ध होते आणि डीएनएवरील योग्य जागा पकडली जाते.

हे दोन्ही ग्राही केंद्रकीय ग्राहींच्या मोठ्या कुळातील आहेत. मानवात या कुळातील ४८ ग्राही असून इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व यांचे संदेश त्यांच्यामार्फतच पोहोचतात. अल्ट्रास्पायरॅकलचा मानवातील भाऊबंद म्हणजे रेटिनॉइड-एक्स ग्राही. एक्डायसोन ग्राही मात्र मानवात नाही. कीटकनाशकाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे, कारण जे लक्ष्य माणसाच्या शरीरात अस्तित्वातच नाही त्यावर नेम धरता येतो.

या कुळातील प्रत्येक ग्राहीत डीएनएला धरणारा एक भाग आणि संप्रेरकाला धरणारा दुसरा भाग असतो. संप्रेरक धरणारा भाग सुमारे बारा सर्पिलांचा, म्हणजे मळसूत्राप्रमाणे वळलेल्या प्रथिनखंडांचा बनलेला असतो. ही सर्पिले तीन थरांत रचलेली असतात आणि त्यांच्या गाभ्यात संप्रेरकाची पोकळी असते. १९९५ मध्ये दिनो मोरास यांच्या स्ट्रासबर्ग येथील गटाने रेटिनॉइक आम्लाच्या कुळातील दोन ग्राहींच्या रचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक रिकामा होता, तर दुसऱ्यात त्याचा रेणू बसलेला होता. रिकाम्या ग्राहीत बारावे सर्पिल बाहेर झुकलेले होते. भरलेल्यात ते झाकणासारखे पोकळीवर मिटले होते. उंदराच्या सापळ्याचे दार खटकन बंद व्हावे तशी ही यंत्रणा असल्याचे वर्णन तेव्हा करण्यात आले. झाकण मिटले की ग्राहीच्या पृष्ठभागावर सहायक प्रथिनांना बसण्यासाठी जागा तयार होते आणि जनुक कार्यान्वित होते.

नक्कल करणारे रसायन

स्फटिकाच्या या गोष्टीला शेतीची बाजू आहे. १९८८ मध्ये रोम अँड हास या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी आरएच-५८४९ या रसायनाची माहिती प्रसिद्ध केली. ते डायासिलहायड्राझिन वर्गातील होते. स्टेरॉइडशी त्याचे दिसण्यात कोणतेही साम्य नव्हते. ना चार जोडलेली कडी, ना लांब शेपटी. तरीही अळीच्या शरीरात ते एक्डायसोनचीच भूमिका वठवत होते.

अशा रसायनाने अळी कशी मरते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एक्डायसोनची पातळी चढते तेव्हा अळी खाणे थांबवते आणि जुन्या कवचाखाली नवे कवच तयार होऊ लागते. पुढचे टप्पे, म्हणजे जुने कवच प्रत्यक्ष टाकणे आणि नवे टणक करणे, सुरू होण्यासाठी ही पातळी उतरावी लागते. शरीरातील विकरे स्वतःचे संप्रेरक वेळच्या वेळी मोडून टाकतात. नकली रेणू मात्र सहजासहजी मोडत नाही आणि ग्राहीला धरून राहतो. कात टाकण्याचा आदेश सुटतो, पण तो संपतच नाही. अळीचे खाणे काही तासांत थांबते, अर्धवट कवचात ती अडकते आणि उपासमारीने व शरीरातील पाणी आटल्याने काही दिवसांत मरते. पिकाचे नुकसान मात्र अळी मरण्याआधीच थांबलेले असते.

या वर्गातून पुढे टेब्युफेनोझाइड आणि मेथॉक्सिफेनोझाइड ही पतंगवर्गीय अळ्यांवरील, तर हॅलोफेनोझाइड हे प्रामुख्याने हिरवळीतील भुंगेऱ्यांच्या अळ्यांसाठी वापरले जाणारे कीटकनाशक आले. टेब्युफेनोझाइडचा उपयोग फळबागांपासून कॅनडातील स्प्रूसच्या अरण्यांपर्यंत झाला. मधमाश्या, परभक्षी कीटक, पक्षी आणि सस्तन प्राणी यांना असलेला अल्प धोका ध्यानात घेऊन अमेरिकी शासनाने १९९८ मध्ये या रसायनवर्गासाठी रोम अँड हासला हरित रसायनशास्त्राचे राष्ट्रीय पारितोषिक दिले.

येथे दोन प्रश्न निर्माण झाले. स्टेरॉइडशी कसलेही साम्य नसलेला रेणू स्टेरॉइडच्या जागी बसतो कसा? आणि एक्डायसोन ग्राही जर सर्वच कीटकांत आहे, तर हा रेणू पतंगाच्या अळीत घट्ट बसतो आणि माशीत वा मधमाशीत का बसत नाही? उत्तरासाठी ग्राही प्रत्यक्ष पाहणे आवश्यक होते.

स्फटिकातून रेणूचे दर्शन

प्रथिनाचा रेणू साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या तुलनेत फार मोठी असते. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या बरोबरीची असते. मात्र एका रेणूकडून विखुरलेले किरण मोजण्याइतके प्रबळ नसतात. म्हणून कोट्यवधी रेणू कवायतीतल्या रांगांप्रमाणे एकाच ठेवणीत उभे करावे लागतात. हीच रचना म्हणजे स्फटिक. त्यावर क्ष-किरण पडले, की ठरावीक दिशांना ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून आणि कला निश्चित करण्याच्या गणितावरून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा त्रिमितीय नकाशा काढला जातो. नकाशातील उंचवट्यांत प्रथिनाची साखळी बसवली की रचना हाती येते.

यातले सर्वांत बेभरवशाचे काम म्हणजे स्फटिक तयार करणे. प्रथिन जीवाणूंत वा कीटकपेशींत निर्माण करायचे, शुद्ध करायचे आणि निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांत त्याचे थेंब ठेवून वाट पाहायची, असा हा उद्योग असतो. लवचीक प्रथिने या बाबतीत विशेष त्रास देतात. ज्याचे अवयव सतत हलतात, ते सारख्या ठेवणीत रांगेत उभे राहत नाही. त्यामुळे एक्डायसोन ग्राहीचे स्फटिक मिळवण्यासाठी त्याचा जोडीदारही सोबत घेतला गेला आणि पोकळीत घट्ट बसणारा रेणूही.

जोडीदाराची रचना २००१ मध्येच दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केली होती. एकाने तंबाखूवरील पतंगाचे, तर दुसऱ्याने फळमाशीचे अल्ट्रास्पायरॅकल तपासले. दोन्हींच्या प्रशस्त पोकळीत एक अनपेक्षित रेणू बसलेला दिसला. तो फॉस्फोलिपिड होता आणि ज्या जीवाणूंत हे प्रथिन तयार केले गेले, त्यांच्याकडूनच तो आला होता. रिकामी पोकळी मिळेल त्या योग्य रेणूला सामावून घेते, याची ती पहिली चुणूक होती.

२००३ : एक ग्राही, दोन पोकळ्या

स्ट्रासबर्गजवळील इल्किर्श येथील जनुकशास्त्र आणि रेणवीय व पेशीय जीवशास्त्र संस्थेत इझाबेल बिलास, दिनो मोरास आणि सहकाऱ्यांनी हेलिओथिस व्हिरेसेन्स या पतंगाचा ग्राही निवडला. अमेरिका खंडात तंबाखू आणि कापूस यांचे नुकसान करणारी ही कीड आपल्याकडील घाटेअळीची जवळची नातलग आहे. ग्राही आणि अल्ट्रास्पायरॅकल यांच्या जोडीचे दोन स्फटिक तयार करण्यात आले. एकात वनस्पतिजन्य स्टेरॉइड पोनास्टेरॉन-ए होते. दुसऱ्यात बीवायआय-०६८३० हे डायासिलहायड्राझिन वर्गातील रसायन होते. पहिल्याची विभेदनक्षमता २.९ अँगस्ट्रॉम, दुसऱ्याची ३.० अँगस्ट्रॉम होती. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या विभेदनात सुटे अणू दिसत नाहीत. मात्र साखळीचा मार्ग, मोठ्या अमिनो आम्लांची ठेवण आणि पोकळीतील रेणूचा आकार ओळखता येतो.

दोन्ही रचना शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते संशोधकांच्याही अपेक्षेपलीकडचे होते. पोनास्टेरॉन-एच्या स्फटिकातील पोकळी स्टेरॉइडच्या लांबट अंगाला साजेशी होती. डायासिलहायड्राझिनच्या स्फटिकात मात्र तिने इंग्रजी व्ही अक्षरासारखे वळण घेतले होते. दोन्ही पोकळ्यांचा काही भागच एकमेकींवर येत होता. प्रामुख्याने स्टेरॉइडची शेपटी जेथे असते त्या भागात. स्टेरॉइडची कडी जेथे विसावली होती, ती जागा दुसऱ्या स्फटिकात प्रथिनाच्याच घटकांनी व्यापली होती. उलट रसायनासाठी जी नवी फट उघडली होती, ती स्टेरॉइडच्या स्फटिकात मिटलेली होती. सर्पिले तीच, अमिनो आम्लांचा क्रम तोच; पण आत आलेल्या रेणूप्रमाणे भिंती सरकल्या होत्या.

कापडी पिशवीत नारळ ठेवला तर ती गोल होते आणि पडवळ ठेवले तर लांबट होते. कापड तेच राहते. आकार आतल्या वस्तूचा असतो. ग्राहीचा गाभा काहीसा असा वागतो. काहीसा एवढ्याचसाठी, की पिशवीत काहीही भरता येते. ग्राहीच्या भिंती कोणत्या दिशेला आणि किती सरकू शकतात, हे त्यातील अमिनो आम्लांवर ठरते. बारावे सर्पिल मात्र दोन्ही स्फटिकांत झाकणाप्रमाणे मिटलेले होते. रेणू वेगळे आणि पोकळ्याही वेगळ्या असूनही निघालेला आदेश एकच होता. स्टेरॉइडशी साम्य नसलेला रेणू स्टेरॉइडचे काम कसे करतो, या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर होय.

ही कल्पना तत्त्वतः नवी नव्हती. विकर आणि त्याचे द्रव्य यांच्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिली होती, तर द्रव्य आल्यावर विकर आपला आकार जुळवून घेते, असे डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये मांडले होते. मात्र त्या जुळवून घेण्याचे प्रमाण येथे अनपेक्षित होते. स्फटिक उपलब्ध होण्याआधी इतर ग्राहींच्या रचनांवरून एक्डायसोन ग्राहीची संगणकीय प्रारूपे तयार करण्यात आली होती. डायासिलहायड्राझिनसाठी उघडलेली पोकळी अशा प्रारूपांवरून ओळखता येण्यासारखी नव्हती, असा निष्कर्ष संशोधकांनी नोंदवला. प्रारूप तयार करताना जी भिंत स्थिर धरली जाते, तीच भिंत प्रत्यक्षात बाजूला होत होती.

कीटकागणिक वेगळा गाभा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी वेगवेगळ्या गणांतील कीटकांचे ग्राही पाहणे गरजेचे होते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बेमिसिया टॅबॅसी या पांढऱ्या माशीच्या ग्राहीची रचना पोनास्टेरॉन-एसह प्रसिद्ध केली. ही माशी नावापुरतीच माशी आहे. ती मावा, तुडतुडे यांच्या गणातील रसशोषक कीड आहे. पतंग आणि पांढरी माशी यांच्या ग्राहींत स्टेरॉइड साधारण एकाच रीतीने बसलेले होते. ते स्वाभाविकही आहे, कारण कीटकांच्या सर्व गणांना तोच संदेश वाचावा लागतो. पोकळीच्या आतील बारकावे मात्र वेगळे होते. डायासिलहायड्राझिन वर्गातील रसायने पांढऱ्या माशीच्या ग्राहीला फारच दुर्बळपणे बद्ध होतात, यामागे हे बारकावे असल्याचे मानले जाते. पोकळीच्या कडेची मोजकी अमिनो आम्ले बदलली, की पतंगात उघडणारी फट दुसऱ्या कीटकात उघडत नाही. नैसर्गिक संप्रेरकाची जागा उत्क्रांतीने जपली. तिच्या शेजारच्या जागेत मात्र गणागणांत फरक पडत गेला. निवडक कीटकनाशकाला वाव मिळतो तो या शेजारच्या जागेत.

२००७ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या. पतंगाच्या ग्राहीची खुद्द २०-हायड्रॉक्सिएक्डायसोनसह रचना २.४ अँगस्ट्रॉम विभेदनाने मिळाली. कीटकाचे स्वतःचे संप्रेरक वनस्पतीच्या पोनास्टेरॉन-एपेक्षा ग्राहीला कमी घट्ट का धरते, याचा उलगडा त्यातून झाला. या संप्रेरकाच्या शेपटीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एक जादा गट असतो आणि तो पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. पोकळीत शिरताना हे पाणी झटकावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. पोनास्टेरॉन-एमध्ये तो गटच नसल्याने हा खर्च वाचतो. बद्ध होण्याची ताकद केवळ आकार जुळण्यावर अवलंबून नसते, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच वर्षी मोरास यांच्या गटाने साठवणीच्या धान्यातील व पिठातील तांबड्या भुंगेऱ्याचा, म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टेनियमचा, ग्राही तपासला. त्यातील अल्ट्रास्पायरॅकलमध्ये पोकळीच नव्हती. पतंग आणि फळमाशी यांत जेथे प्रशस्त जागा होती, तेथे भुंगेऱ्यात प्रथिनाच्या स्वतःच्याच शाखा दाटीने बसलेल्या होत्या. एकाच कुळातील, एकच काम करणाऱ्या प्रथिनात एका कीटकात ऐसपैस दालन आणि दुसऱ्यात भरलेली भिंत, असा हा विरोधाभास होता.

स्फटिकाला एक मर्यादा आहे. तो थांबलेला क्षण दाखवतो. हालचाल दाखवत नाही. लवचिकतेचे अनुमान काढावे लागते ते वेगवेगळ्या रेणूंसह मिळालेल्या स्फटिकांच्या तुलनेवरून आणि नकाशात धूसर राहिलेल्या भागांवरून. जो भाग प्रत्येक रेणूत थोडा वेगळ्या ठिकाणी असतो, त्याची प्रतिमा पुसट येते. छायाचित्रात हललेला हात पुसट यावा, तसा हा प्रकार असतो. म्हणून अलीकडे इतर पद्धतींची जोड दिली जाते. २०१४ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने डीएनएवर बसलेल्या संपूर्ण ग्राही-जोडीचे दर्शन घडले. डीएनएचा क्रम दोन्ही बाजूंनी सारखा असूनही त्यावरील ग्राहीची मांडणी असममित होती. पोकळीपुरती वाटणारी लवचिकता संपूर्ण प्रथिनात पसरलेली आहे, असे त्यातून सूचित होते.

शेत, तुतीची बाग आणि रुग्णालय

निवडक असणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे, हे या संदर्भात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पतंगाच्या ग्राहीत चपखल बसणारा रेणू उपद्रवी पतंग आणि उपयुक्त पतंग यांत भेद करत नाही. फुलपाखरांच्या अळ्या त्याला बळी पडू शकतात आणि रेशीमकिडाही पतंगच आहे. ज्या किड्याच्या कोशितांतून हे संप्रेरक प्रथम हाती आले, त्याच्याच मुळावर त्याची नक्कल येऊ शकते. तुतीच्या बागेशेजारी अशी फवारणी म्हणूनच धोक्याची ठरते. गंमत अशी, की याच संप्रेरकाचा रेशीम उत्पादकांना उपयोगही होतो. वनस्पतिजन्य एक्डायसोनवर्गीय द्रव्य तुतीच्या पाल्यावर फवारून ते शेवटच्या टप्प्यातील अळ्यांना देण्याची पद्धत भारतात वापरली जाते. त्यामुळे सर्व अळ्या जवळपास एकाच वेळी कोश विणायला लागतात आणि मजुरी व पाला वाचतो. नैसर्गिक द्रव्य शरीरात मोडले जाते म्हणून ते अळीला वेळेवर आणते; न मोडणारा नकली रेणू तिला अडकवून मारतो.

मेथॉक्सिफेनोझाइड मातीत दीर्घकाळ टिकते. शिवाय कोळंबी, खेकडे यांसारखे कवचधारी प्राणीही एक्डायसोनच्या घराण्यातील संप्रेरकावरच कात टाकतात. त्यामुळे पाण्यात जाणाऱ्या अंशाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. प्रतिकारशक्तीचा प्रश्नही आहेच. सतत वापर झालेल्या ठिकाणी काही पतंगांच्या अळ्या या रसायनांना दाद देईनाशा झाल्या आहेत. त्यामागे बहुधा रसायन मोडणाऱ्या विकरांची वाढ असते. प्रयोगशाळेत मात्र ग्राहीतील बदलामुळेही अशी प्रतिकारकता उद्भवलेली आढळली आहे.

माणसाच्या शरीरात हा ग्राही नाही, या वस्तुस्थितीचा वैद्यकानेही लाभ घेतला. १९९६ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने कीटकाच्या ग्राहीवर आधारित जनुक-कळ सस्तन प्राण्यांच्या पेशींत आणि उंदरांत चालवून दाखवली. पेशीत कीटकाचा ग्राही आणि त्याच्या हुकमतीखालील जनुक ठेवायचे. गोळी दिली की जनुक चालू, बंद केली की जनुक थांबलेले, असे हे तत्त्व आहे. पुढे मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांत इंटरल्युकिन-१२ हे प्रतिकारवर्धक प्रथिन याच रीतीने नियंत्रित करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दिली जाणारी व्हेलेडिमेक्स ही गोळी डायासिलहायड्राझिन वर्गातीलच आहे. अळीसाठी शोधलेला रेणुवर्ग रुग्णाच्या मेंदूतील जनुकाची कळ दाबण्यास उपयोगी पडला.

पाहिल्याखेरीज कळत नाही

प्रथिनांच्या रचनांचे संगणकीय भाकीत गेल्या काही वर्षांत कमालीचे पुढे गेले आहे. त्या कार्यासाठी २०२४ मध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कीटकांच्या हजारो जातींच्या ग्राहींचे अपेक्षित आकार आता प्रयोगाविना मिळवता येतात. परंतु एक्डायसोन ग्राहीने २००३ मध्ये घातलेले कोडे वेगळ्या जातीचे आहे. प्रथिनाचा आकार कसा आहे, एवढे कळून येथे भागत नाही. पूर्वी कधीही न पाहिलेला रेणू आत आला तर भिंती कोठे सरकतील आणि कोठे अडतील, हे कळावे लागते. अशा ठिकाणी संगणकाचे उत्तर कसोटीला लावण्यासाठी आजही स्फटिकाकडेच जावे लागते.

कोणत्याही एका किडीवर नेम धरणारे आणि तिच्या शेजारच्या जिवांना सोडून देणारे रसायन हवे असेल, तर त्या किडीच्या ग्राहीत कोणती फट उघडू शकते आणि रेशीमकिड्याच्या, मधमाशीच्या, कोळंबीच्या ग्राहीत ती का उघडत नाही, हे एकेका जातीसाठी तपासावे लागेल. १९५४ मध्ये अर्धा टन कोशितांतून चिमूटभर स्फटिक मिळाले, तेव्हा प्रश्न एका रेणूच्या रचनेचा होता. आजचा प्रश्न त्या रेणूला सामावून घेणाऱ्या पोकळीचा आहे आणि ती पोकळी प्रत्येक रेणूला निराळे रूप दाखवते.